३,८३७ जणांचे केसपेपर: स्कॉटलंडच्या चेटूक-खटल्यांचा माहितीसाठा

माझी मुलगी इंग्रजी साहित्य शिकते. 'मॅकबेथ' वाचताना एका रात्री तिने विचारलं, "आई, पहिली चेटकीण चाळणीत बसून समुद्रातून जाईन म्हणते. चाळणीच का?" मी अतिदक्षता विभागातली परिचारिका, मला कुठून माहीत असणार. पण प्रश्न डोक्यातून जाईना. दोघींनी मिळून शोधायला घेतलं आणि शोधता शोधता एडिंबरा विद्यापीठाच्या 'सर्व्हे ऑफ स्कॉटिश विचक्राफ्ट' या माहितीसाठ्यापाशी येऊन पोचलो. तिचं काम अर्ध्या तासात झालं. मी चार महिने झाले तरी अजून तिथेच आहे. सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन बसते आणि एकेक नाव उघडून वाचते. हे परीक्षण त्या चार महिन्यांचं आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. १५६३ साली स्कॉटलंडच्या संसदेने चेटूक करणाऱ्याला मृत्युदंड देणारा कायदा केला. चेटूक करणाऱ्याकडे सल्ला मागायला जाणाऱ्यालाही तीच शिक्षा होती. हा कायदा १७३६ साली रद्द झाला. मधल्या १७३ वर्षांत ज्यांच्यावर हा आरोप आला, त्यांच्या सापडतील तेवढ्या नोंदी ज्युलियन गुडेअर, लॉरेन मार्टिन, जॉइस मिलर आणि लुईस योमन या इतिहासकारांनी जुन्या दप्तरांतून वेचून एकत्र केल्या आणि २००३ साली सगळ्यांसाठी खुल्या केल्या. आरोपींची संख्या ३,८३७. त्यातली ३,२१२ माणसं नावानिशी आहेत. उरलेल्या ६२५ नोंदींना नावच नाही. दप्तरात 'अमुक गावच्या काही बायका' एवढंच लिहिलेलं असेल, तर यांनीही तेवढंच ठेवलं आहे. पैसे लागत नाहीत. नाव, गाव, परगणा, साल, कशानेही शोधता येतं, आणि ज्यांना आकडेमोड करायची आहे त्यांना अख्खा साठा उतरवून घेता येतो. सगळं इंग्रजीत आहे, पण शाळेतल्या इंग्रजीवर निभावतं. स्कॉट्स भाषेतले जुने शब्द अधूनमधून अडवतात, तेवढं धरून चालायचं.

इथे एक शब्दाची अडचण सांगायला हवी. मी 'चेटकीण' लिहिते आहे, पण त्यांचा मूळ शब्द बाई आणि पुरुष दोघांनाही लागतो. या यादीत ८४ टक्के बायका आहेत आणि १५ टक्के पुरुष. मराठीत तो शब्द लिहिला की पुरुष आपोआप पुसले जातात, म्हणून पुढे जमेल तिथे 'आरोपी' म्हणते. आणखी एक बारीक गोष्ट: त्या काळी स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बायकांचं माहेरचंच आडनाव कायम असे. त्यामुळे यादीत प्रत्येक बाई तिच्या स्वतःच्या नावाने भेटते. नवऱ्याचं नाव असलंच तर वेगळ्या रकान्यात.

आता मला हा साठा इतका का भावला ते सांगते. त्याची रचना बघा. प्रत्येक आरोपीचा एक मुख्य कागद, आणि त्याला जोडलेले कितीतरी तक्ते. कबुलीजबाब. छळ. तुरुंगवास. पूर्वीचं भांडण. मालाचं नुकसान. हवामान बदलणं. रूप पालटणं. सैतान कोणत्या रूपात दिसला. पऱ्यांचा उल्लेख आहे का. सभा कुठे भरली. वाद्य कोणतं वाजलं. आणि एक तक्ता असा, की या आरोपीने आणखी कोणाची नावं घेतली.

बावीस वर्षं मी केसपेपर भरते आहे. नाडी, रक्तदाब, ताप, लघवीचं प्रमाण, तासातासाला. माणूस किती वेदनेत आहे तेही आम्ही शून्य ते दहा या आकड्यांत लिहितो. म्हणून ते तक्ते बघताना मला पहिल्यांदा कळलं की भीतीचाही केसपेपर होऊ शकतो, आणि तो करताना भीतीची टिंगल करावी लागत नाही. 'सैतानाचं रूप' या रकान्यात संशोधकांनी 'भ्रम' असं लिहिलेलं नाही. बाईने काळा माणूस म्हटलं असेल तर काळा माणूस, कुत्रा म्हटलं असेल तर कुत्रा. शेजारच्या तक्त्यात तिला किती रात्री जागं ठेवलं ते, जिथे नोंद सापडली तिथे. दोन्ही रकाने शेजारी ठेवले आहेत. पुढचं वाचणाऱ्याने जुळवायचं.

चाळणीचं उत्तर असं. १५८९ साली राजा सहावा जेम्स याचं डेन्मार्कच्या राजकन्येशी, अ‍ॅनशी, लग्न ठरलं. वादळांमुळे तिची जहाजं येईनात, तेव्हा तो स्वतः ऑस्लोला गेला, तिथे लग्न लागलं आणि १५९०च्या मे महिन्यात दोघं परतले. वादळं कोणीतरी उठवली, असा संशय आधी डेन्मार्कमध्ये आणि मग स्कॉटलंडमध्ये धरला गेला. त्याच सुमारास एडिंबराजवळच्या ट्रॅनेंट गावात गिलिस डंकन नावाची एक मोलकरीण पकडली गेली. १५९१ साली या खटल्यांवर छापलेल्या एका पत्रकात तिच्या मालकाचा संशय सांगितला आहे: ती रात्री घराबाहेर जायची आणि आजारी माणसांना बरं करायची. मालकानेच तिची बोटं स्क्रूच्या पकडीत चिरडली, डोक्याभोवती दोरी आवळली. मग तिने नावं सांगितली. त्यात अ‍ॅग्नेस सॅम्पसन होती. वयस्कर, औषधपाणी करणारी, बाळंतपणं करणारी बाई. तिच्या तोंडी त्या पत्रकात अशी कबुली आहे की सणाच्या रात्री दोनशे जणी एकेका चाळणीत बसून समुद्रमार्गे नॉर्थ बेरिकच्या चर्चला गेल्या, आणि तिथे गिलिसने एक छोटं वाद्य वाजवलं, मोरचंगासारखं तोंडात धरून वाजवायचं. राजाने गिलिसला बोलावून ते वाद्य आपल्यासमोर वाजवायला लावलं. तक्त्यातला 'वाद्य' हा रकाना का आहे, ते मला तेव्हा उमगलं.

अ‍ॅग्नेसला १५९१च्या जानेवारीत खांबाला बांधून गळा आवळून मारलं आणि प्रेत जाळलं. स्कॉटलंडमध्ये सहसा अशीच पद्धत होती. गिलिसला त्याच वर्षाच्या अखेरीस. मरण्याआधी तिने सांगितलं की आपण घेतलेली नावं खोटी होती. राजाने पुढे १५९७ साली चेटकावर स्वतःच एक पुस्तक लिहिलं, १६०३ साली तो इंग्लंडचाही राजा झाला, आणि १६०६च्या सुमाराला लंडनच्या रंगभूमीवर त्या चेटकिणी आल्या. मुलीला मी म्हटलं, तुझ्या नाटकातली ती ओळ छळाच्या खोलीतून आली असावी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने गिलिसचं नाव वहीच्या समासात लिहून ठेवलं.

झोपेबद्दल मला विस्ताराने लिहायचं आहे, कारण ते माझं क्षेत्र आहे.

स्कॉटलंडमध्ये शारीरिक छळासाठी वरून परवानगी लागायची. पण आरोपीला जागं ठेवणं याला कोणी छळ म्हणत नसे. चर्चचे लोक किंवा नगराचे अधिकारी पहारेकरी नेमायचे, गावकरी पाळीपाळीने बसायचे, आणि तिचा डोळा लागला की हलवायचे. हा सगळ्यात जास्त वापरलेला उपाय होता. अतिदक्षता विभागात आम्ही दर आठवड्याला एखादा तरी रुग्ण बघतो, ज्याची झोप मोडली आहे, दिवस-रात्र कळत नाही, यंत्रांचे आवाज थांबत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या रात्री तो म्हणतो, "सिस्टर, त्या कोपऱ्यात काळे कपडे घालून कोण उभं आहे?" हुशार, शिकलेली, शांत माणसं हे म्हणतात. एका निवृत्त शिक्षकांनी मला सलग दोन तास सांगितलं होतं की छतावरून माणसं उतरत आहेत. मी त्यांचा हात धरून बसले होते. त्या वेळी मी त्यांना विचारलं असतं, "काळ्या कपड्यातला माणूस काय म्हणाला? त्याने तुमच्याशी करार केला का? तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?" तर त्यांनी उत्तर दिलं असतं, याची मला खात्री आहे. आणि ते खोटं बोलले नसते. त्यांना जे दिसत होतं तेच त्यांनी सांगितलं असतं, माझ्या प्रश्नाच्या साच्यात ओतून.

ही गोष्ट या साठ्यात डोळ्यांसमोर घडताना दिसते. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाचल्या तर त्यात सैतान फारसा नसतोच. त्यात असतं ते असं: गाय आटली, बिअर बिघडली, मूल आजारी पडलं, त्याआधी हिच्याशी भांडण झालं होतं आणि ही पुटपुटत गेली होती. सैतान, त्याच्याशी करार, त्याने दिलेलं नवं नाव, हे येतं चौकशीनंतरच्या कबुलीत. तक्रारीचा तक्ता आणि कबुलीचा तक्ता एकापुढे एक ठेवून बघा. गावाची भीती वेगळी होती आणि धर्मगुरूंची भीती वेगळी. न झोपलेल्या बाईच्या तोंडात दोन्ही एक झाल्या. हे सांगणारे ग्रंथ असतील, पण मी ते रकान्यांतून स्वतः शोधलं, आणि तसं शोधू देणं ही या साठ्याची सगळ्यात मोठी ताकद आहे.

सुयांचंही तसंच. सैतान आपल्या माणसाच्या अंगावर खूण ठेवतो आणि ती जागा बधिर असते, अशी समजूत होती. ती जागा शोधण्यासाठी सुया टोचणारे लोक होते, आणि ते पैसे घेऊन गावोगाव फिरत. जॉन किनकेड हा त्यातला नावाजलेला. १६६२ साली त्याला स्वतःलाच तुरुंगात टाकलं. त्याच वर्षी जॉन डिक्सन नावाचा दुसरा टोचणारा पकडला गेला, तर तो पुरुषाच्या वेशातली क्रिश्चन कॅडेल नावाची बाई निघाली. मी रोज सुया टोचते. संवेदना तपासायला आम्हीही टोकदार वस्तू लावून विचारतो, "कळतंय का?" म्हाताऱ्या त्वचेवर, मधुमेह असलेल्या पायावर, जुन्या व्रणावर पुष्कळदा उत्तर 'नाही' असं येतं. आणि घाबरून थिजलेला माणूस कळत असूनही हलत नाही. त्या खुणांच्या नोंदी वाचताना माझी बोटं आखडली होती.

आता जिथे या साठ्याने मला माझी चूक दाखवली, ते. शिकत असताना आम्हाला कोणीतरी सांगितलं होतं की युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना जाळलं त्या मुख्यतः सुइणी होत्या, औषधं जाणणाऱ्या बायका होत्या, म्हणजे आपल्याच पूर्वज. मला ते इतकं आवडलं होतं की परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात मी ते दोनदा भाषणात सांगितलं. व्यवसायाचा रकाना उघडला. सुइणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लोकवैद्यकीचा उल्लेख असलेल्या नोंदी थोड्याफार, पण एकूणाच्या मानाने फारच कमी. ज्यांची परिस्थिती नोंदली आहे त्यांतल्या बहुतेक जणी बेताच्या पण खाऊनपिऊन असलेल्या घरांतल्या, ज्यांचं लग्नाचं कळतं त्यांतल्या बहुतेक विवाहित. एकट्या, जंगलात राहणाऱ्या, जडीबुटीवाल्या म्हातारीचं चित्र या यादीत जवळपास नाहीच. अ‍ॅग्नेस आणि गिलिस खऱ्या होत्या, आणि त्यांचीच गोष्ट छापली गेली, गाजली, म्हणून सगळ्या जणी तशाच असाव्यात असं आपल्याला वाटत राहिलं. मला हे स्वीकारायला दोन दिवस लागले. पुढच्या वेळी भाषण करायची वेळ आली तर मी तो भाग बदलणार आहे. त्या बायका आमच्या व्यवसायाच्या नसल्या तरी त्यांच्याबद्दल मला वाटतं ते तसूभर कमी झालेलं नाही.

असंच आकड्यांचं. एका ध्वनिमालिकेत मी ऐकलं होतं की युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या. हा आकडा अठराव्या शतकातल्या एका जर्मन माणसाने फार थोड्या नोंदींवरून गुणाकार करत काढला होता, आणि तो अजून फिरतो आहे. आजचे इतिहासकार साऱ्या युरोपात साधारण चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असं धरतात. जेमतेम दहा लाख वस्तीच्या स्कॉटलंडचा त्यातला वाटा मोठा होता. नव्वद लाख ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कोणी उभं राहिलं नव्हतं. ३,८३७ नोंदींमध्ये मात्र एकेकीचं गाव कळतं.

आणि तरीही या ३,८३७ पैकी किती जणांना मारलं, ते हा साठा छातीठोकपणे सांगत नाही. खटल्याचा शेवट काय झाला हे फक्त ३०५ नोंदींत कळतं. त्यातल्या २०५ जणांना मारलं, ५२ सुटले, २७ हद्दपार झाले, बाकीचे इतर मार्गांनी. म्हणजे शेवट माहीत असलेल्यांपैकी दोन तृतीयांश मृत्युदंड. हाच हिशोब सगळ्यांना लावला तर अडीच हजारांच्या आसपास जातो, पण संशोधकांनीच सांगून ठेवलं आहे की हे ३०५ सगळ्यांचे प्रतिनिधी मानता येत नाहीत. कारण साधं आहे. बऱ्याच खटल्यांत राजधानीतल्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, गावातल्या चार प्रतिष्ठितांना 'हिचा खटला तुम्हीच चालवा' असा अधिकारपत्राचा कागद दिला. तो कागद टिकला. गावात पुढे काय झालं, ते कोणी जपून ठेवलं नाही. केसपेपरवर दाखल झाल्याची तारीख आहे आणि डिस्चार्ज किंवा मृत्यूची नोंद नाही, असा प्रकार. आमच्याकडे एक जरी असा कागद सापडला तर चौकशी लागते. इथे साडेतीन हजार आहेत. तो रकाना रिकामाच ठेवला, अंदाजाने भरला नाही, म्हणून मी या संशोधकांवर विश्वास ठेवते.

सलग यादी वाचली तर लाटा दिसतात: १५९०-९१, १५९७, १६२८ ते ३०, १६४९-५०, १६६१-६२. शेवटच्या लाटेत सहाशेहून अधिक आरोपी आहेत. मधली कित्येक वर्षं जवळपास रिकामी. एकट्या लोदियन भागात, म्हणजे एडिंबराच्या आजूबाजूला, सगळ्या आरोपींपैकी जवळजवळ एक तृतीयांश. जिथून कागद निघत होता त्याच्या जवळपास माणसं जास्त पकडली गेली.

२०१९ साली याच विद्यापीठाने या नोंदींवरून एक नकाशा केला. तीन हजारांहून अधिक आरोपींच्या राहण्याच्या जागा शोधून टिंबांनी दाखवल्या आहेत. नवख्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं बरेच जण सुचवतात. माझं मत उलट आहे. नकाशा सुंदर आहे, मुलीला तोच जास्त आवडला, आणि गावांची नावं शोधण्यामागची मेहनत फार मोठी आहे. पण नकाशावर सगळी टिंबं सारखीच. जिच्याबद्दल एकच ओळ शिल्लक आहे ती, आणि जिचे चार लांबलचक कबुलीजबाब आहेत ती, दोघी सारख्याच दिसतात. आधी पाच-सहा नोंदी सावकाश वाचा आणि मग नकाशा उघडा. मग ती टिंबं नुसती टिंबं राहत नाहीत.

एक गोष्ट या साठ्याबाहेरची, पण तिच्यामुळे नोंदी वाचण्याची माझी नजर बदलली. १६३३ साली किर्कॉल्डी गावात अ‍ॅलिसन डिक आणि विल्यम कोक या दोघांना जाळलं, त्याचा खर्चाचा हिशोब टिकून आहे. जाळायला दहा ओझी कोळसा, ३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. दोरी, ६ शिलिंग. मारेकऱ्याला त्याच्या श्रमांबद्दल ८ पौंड १४ शिलिंग. अंगावर घालायच्या जाड्याभरड्या कापडाचे वेगळे, ते शिवायचे वेगळे. खर्च गाव आणि चर्च यांनी वाटून घेतला. पाप, पुण्य, सैतान, आत्मा यांतलं त्या हिशोबात काही नाही. कोणीतरी बसून बेरीज बरोबर येते का ते तपासलं असेल. मी तो हिशोब वाचला त्या रात्री ड्यूटीवर होते, आणि औषधांच्या यादीवर सही करताना माझा हात थांबला.

साहित्यप्रेमींसाठी मी एकच नोंद सुचवीन: इसोबेल गाउडी, ऑल्डर्न, १६६२. एका गरीब कुळाची बायको. एप्रिल-मे महिन्यांत तिचे चार कबुलीजबाब घेतले. सशाचं रूप घ्यायचा आणि परत माणूस व्हायचा मंत्र तिने सांगितला, तो यमकात आहे. पऱ्यांच्या टेकडीत जाऊन परीराणीला भेटल्याचं सांगितलं, राणीच्या अंगावरची पांढरी वस्त्रं सांगितली. आणि म्हणाली की तिथे मला खाता येणार नाही इतकं खायला मिळालं. या वाक्यावर मी थांबले. सगळ्या कल्पनेत, सगळ्या मंत्रांत, त्या बाईला मिळालेलं सुख म्हणजे पोट भरून उरेल इतकं अन्न. तिला लिहिता येत होतं असं वाटत नाही. तिचं बोलणं टिकलं ते तिला दोषी ठरवायला लिहून घेतलं म्हणून. तिच्या नोंदीत शेवटाचा रकाना रिकामा आहे.

कोणासाठी आहे हे सगळं? भुताखेतांच्या गोष्टींची मजा हवी असेल तर इथे येऊ नका, निराशा होईल. साहित्य, इतिहास, मानसशास्त्र शिकणाऱ्यांनी, वकिलांनी, आणि माझ्यासारख्या रोज दुसऱ्याच्या दुखण्याची नोंद करणाऱ्यांनी जरूर यावं. एका बैठकीत दोन-तीनपेक्षा जास्त नोंदी वाचू नका. मी एकदा सलग तीस वाचल्या आणि नंतर एकही आठवेना. हे त्या माणसांवर अन्याय करण्यासारखं आहे. आणि टक्केवारी कुठे उद्धृत करणार असाल तर ती किती नोंदींवरून काढली आहे तेही सोबत लिहा.

८ मार्च २०२२ला स्कॉटलंडच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांनी संसदेत या सगळ्यांची औपचारिक माफी मागितली. मला वाटतं, अशी यादी तयार नसती तर ती माफी कोणाची मागायची, हेही धड सांगता आलं नसतं.

माझ्या वहीत सगळ्यात वर जे नाव आहे ते लिलियस एडीचं. फाइफमधलं टोरीबर्न, १७०४. साठीच्या आसपासची बाई. शेजारणीने आरोप केला, तिला कोंडलं, चौकश्या झाल्या, आणि सैतानाशी संबंध असल्याची कबुली तिने दिली. खटला उभा राहण्याआधीच ती कोठडीत मेली. तिला किनाऱ्यावरच्या चिखलात पुरलं, भरतीची आणि ओहोटीची रेघ यांच्यामध्ये, आणि वर एक भलीमोठी शिळा ठेवली, ती उठून परत येऊ नये म्हणून. एकोणिसाव्या शतकात तिची हाडं उकरून काढली, कवटी संग्रहालयात गेली, तिथे फोटो काढले गेले, पुढे कवटी हरवली. २०१७ साली डंडी विद्यापीठात त्या फोटोंवरून तिचा चेहरा संगणकावर पुन्हा घडवला. मी तो पाहिला आहे. वॉर्डात अशी एखादी आजी नेहमी असते, जिला पाणी दिलं की ती आधी शेजारच्या खाटेकडे बोट दाखवते.

चौकशीत तिला पुन्हापुन्हा विचारलं, तुझ्याबरोबर आणखी कोण कोण होतं. आणखी नावं, आणखी बायका. लिलियस म्हणाली, सगळ्यांनी तोंडं झाकली होती, मला ओळखू आल्या नाहीत. जी थोडी नावं तिने दिली, ती चौकशी करणाऱ्यांना आधीपासूनच ठाऊक होती.